सेसना १७२ : योक पुन्हा पुन्हा जड होतोय? आधी बेअरिंग ओळखा, मग ऑइल कॅन उचला

तक्रार साधारण अशी येते. योक (वैमानिकाच्या हातातलं कंट्रोल व्हील) डावीकडे-उजवीकडे फिरवताना मध्येच अडकल्यासारखा होतो आणि जोर दिला की झटक्याने सुटतो. कधी मागे ओढताना पॅनेलपाशी कुरकुर ऐकू येते. इन्स्पेक्शनला नळी जिथे पोचेल तिथे स्प्रे मारला जातो, योक हलका होतो, विमान लाइनवर जातं. थोड्याच तासांत तीच तक्रार परत लॉगबुकात, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. असं होत असेल तर वंगण कमी पडतंय असं समजू नका. बहुतेक वेळा चुकीच्या बेअरिंगला चुकीचं वंगण मिळालेलं असतं, नाहीतर मूळ दोष बेअरिंगमध्ये नसतोच.

इथे उदाहरण सेसना १७२ चं घेतलंय, कारण बारामती-शिरपूरपासून जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये हेच विमान सर्वाधिक राबतं. पायपर किंवा इतर विमानांत मांडणी वेगळी असते, पण बेअरिंगच्या जाती त्याच. आकडे आणि वंगणाची नावं शेवटी तुमच्या सीरियल नंबरला लागू असलेल्या मेंटेनन्स मॅन्युअलमधूनच घ्यायची. काम लायसन्सधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) देखरेखीखाली आणि सहीनेच होतं, हे वेगळं सांगायला नको.

आधी जागा शोधा

१७२ मध्ये आयलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा हलता भाग) साखळी अशी जाते: योक, त्यामागचे स्प्रॉकेट (दातेरी चक्रं) आणि चेन, मग केबल, वाटेतल्या पुली, प्रत्येक पंखात एक बेलक्रँक (केबलची ओढ रॉडकडे वळवणारी तरफ), तिथून पुश-पुल रॉड आणि शेवटी पियानो हिंज (एका पिनवरची लांब बिजागरी) असलेला आयलेरॉन. घर्षण यातल्या कुठल्याही दुव्यात असू शकतं आणि योकवर ते सगळं सारखंच जाणवतं. म्हणून साखळी तोडून बघावी लागते.

न खोलता बघण्यासारख्या गोष्टी आधी. पॅनेलमागे टॉर्च घेऊन डोकं घाला आणि दुसऱ्याला योक पूर्ण मागे-पुढे, डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. नवा रेडिओ किंवा जीपीएस बसवल्यानंतर वायरचा जुडगा योकच्या नळीला घासतोय हे प्रकरण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं, आणि कितीही ऑइल घातलं तरी ते जात नाही. ऑटोपायलट असेल तर त्याच्या सर्व्होची (कंट्रोल हलवणाऱ्या मोटरची) केबलही याच साखळीला जोडलेली असते. सर्व्होची स्वतःची बेअरिंग धरली असतील तर तो ओढ देतो. रडरची तक्रार असेल तर शेपूट दाबून नोजव्हील जमिनीवरून उचला आणि मग पेडल हलवा. जमिनीवर टेकलेल्या चाकाचं घर्षण पुष्कळदा रडरच्या बेअरिंगच्या नावावर खपतं.

त्यानंतर पंखाखालचं इन्स्पेक्शन पॅनेल काढून पुश-पुल रॉडचा आयलेरॉनकडचा बोल्ट काढा आणि आयलेरॉन नुसत्या हाताने वर-खाली करा. इथेच अडकत असेल तर दोष हिंजमध्ये. मोकळा असेल तर दुसऱ्या पंखातही तेच करा. आता दोन्ही रॉड सुटे ठेवून योक फिरवा. तरीही जड असेल तर दोष बेलक्रँक, पुली, केबल किंवा चेनमध्ये. टर्नबकल (केबल ताणायचा-सैल करायचा स्क्रू) सैल करणं अगदी शेवटी, कारण एकदा तो फिरवला की पूर्ण रिगिंग (टेन्शन आणि हालचालीची जुळणी) पुन्हा तपासावं लागतं.

हाताला काय लागतं याकडे लक्ष द्या. वाळू भरल्यासारखी खरखर म्हणजे बॉल बेअरिंगमध्ये धूळ किंवा गंज. अडकून झटक्याने सुटणं म्हणजे कोरडं पडलेलं किंवा चिकट झालेलं प्लेन बेअरिंग (ज्यात गोळ्या नसतात, पृष्ठभागावर पृष्ठभाग सरकतो). एकाच टोकाला जड आणि बाकी मोकळं असेल तर रॉड एंड (रॉडच्या टोकाचं, आत बॉल असलेलं बेअरिंग) तिरका बसलाय किंवा केबल कशाला तरी घासतेय. सगळीकडे सारखंच जड असेल तर केबलचं टेन्शन मोजा.

हे टेन्शन आपल्याकडे विशेष फसवतं. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि केबल स्टीलची. तापमान वाढलं की ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून उन्हात केबल आणखी ताणली जाते. नागपूरच्या डिसेंबरातल्या पहाटे वरच्या मर्यादेला लावलेलं टेन्शन मे महिन्याच्या दुपारी मर्यादेबाहेर जातं. १७२ च्या बऱ्याच मॉडेलांत आयलेरॉनच्या कॅरी-थ्रू (दोन्ही पंखांचे बेलक्रँक जोडणाऱ्या) केबलसाठी ४० पाउंड, अधिक-उणे १० असा आकडा आहे आणि तो त्या भागाच्या सरासरी तापमानाला धरून लावायचा असतो. टेन्सिओमीटर (टेन्शन मोजायचं यंत्र) कॅलिब्रेशनमध्ये आहे ना, हेही बघून घ्या. जास्त टेन्शनमुळे पुलीच्या बेअरिंगवर सतत भार राहतो, ती लवकर जातात, आणि दोष बिचाऱ्या ऑइलला लागतो.

बेअरिंगची जात

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बाहेरून सारखे दिसणारे दोन रॉड एंड आतून अगदी वेगळे असू शकतात.

धातूवर धातू फिरणाऱ्या रॉड एंडला तेल लागतं. जनरल पर्पज ऑइल, म्हणजे अमेरिकी लष्करी स्पेसिफिकेशन मिल-पीआरएफ-७८७० (जुन्या मॅन्युअलमध्ये मिल-एल-७८७०), हे पातळ आणि कमी तापमानालाही चालणारं तेल. पण ज्या रॉड एंडमध्ये बॉल आणि बाहेरची रेस (बॉलभोवतीचं कडं) यांच्यामध्ये टेफ्लॉनचं अस्तर असतं तो कोरडाच चालायचा. त्यात तेल-ग्रीस घातलं की अस्तराचे सुटलेले कण आणि धूळ मिळून लगदा होतो, आणि सॉल्व्हंटने तर अस्तराचं चिकटणंच धोक्यात येतं. ओळखायचं कसं? बॉलच्या कडेला, रेसच्या आतल्या बाजूने, कापडासारखी पातळ रेघ दिसते का ते भिंगातून बघा. खात्री पार्ट नंबरवरूनच करा. इलस्ट्रेटेड पार्ट्स कॅटलॉग काढायला पाच मिनिटं लागतात.

सील केलेली बॉल बेअरिंग, म्हणजे बहुतेक पुलींमधली आणि काही रॉड एंडमधली, कारखान्यात भरलेल्या ग्रीसवर आयुष्य काढतात. त्यांना वंगण द्यायचं नसतंच. स्प्रेच्या नळीने दाब दिला की पातळ द्रव सीलखालून आत शिरतो, आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो आणि स्वतः उडून जातो. मग बेअरिंग कोरडं. “स्प्रे मारला की बरं वाटतं आणि पुन्हा बिघडतं” या चक्राचं हेच गुपित आहे. डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे पाणी हटवायला आणि गंजलेला नट सोडवायला उत्तम. कंट्रोलच्या बेअरिंगचं वंगण म्हणून नाही.

ऑइलाइट बुश म्हणजे सच्छिद्र ब्राँझ. त्याच्या छिद्रांमध्ये आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा तेल मुरलेलं असतं. असे बुश सॉल्व्हंटमध्ये बुडवून “स्वच्छ” केले की ते तेल निघून जातं, आणि ग्रीस लावलं की छिद्रं बुजतात. यांना फक्त तेल, आणि पुसायचं कोरड्या कापडाने.

बेलक्रँकमधल्या नीडल (बारीक रोलरच्या) बेअरिंगला मात्र ग्रीस हवं. त्यासाठी मॅन्युअलमधल्या वंगणाच्या चार्टमध्ये जो ग्रेड आहे तोच.

सेसनाच्या जुन्या शंभर मालिकेच्या मॅन्युअलमधली सूचना आजही मार्गदर्शक आहे: सील नसलेली पुली बेअरिंग, रॉड एंड, ऑइलाइट बुश, पिव्हट आणि हिंज यांना दर १,००० तासांनी किंवा गरज पडेल तसं त्याआधी जनरल पर्पज ऑइल, रोलर चेन आणि केबलला समुद्रकिनाऱ्याची परिस्थिती सोडली तर वंगण नाही, फक्त स्वच्छ कोरड्या कापडाने पुसणं. म्हणजे धुळ्यात चेन कोरडी आणि जुहूला तिच्यावर गंजरोधक थर, असा फरक पडतो. धूळ जास्त असेल तर मुदत कमी करायची. तेलाचं प्रमाण वाढवून तो प्रश्न सुटत नाही, उलट धूळ चिकटायला जागा मिळते.

रॉड एंड बदलायचा की ऑइल द्यायचं

रॉड एंडमध्ये बॉल रॉडच्या अक्षाभोवती किंचित डोलतो, तो दोष नाही. त्यासाठीच तो बसवलेला असतो. प्ले (सैलपणा) बघायचा तो त्रिज्येच्या दिशेने. रॉड बोटांत धरून बोल्टच्या अक्षाला काटकोनात ढकला-ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट बॉल आणि रेसच्या सांध्यावर ठेवा. टिकटिक जाणवली तर मॅन्युअलमधली मर्यादा बघा. मर्यादा दिली नसेल आणि हालचाल डोळ्यांना दिसत असेल तर बदला. तेल घालून प्ले जात नाही, आवाज तेवढा दबतो.

बाहेरची रेस रॉड एंडच्या खोबणीत फिरत असेल, बॉलवर लालसर भुकटी दिसत असेल, दांड्याच्या आट्यांपाशी केसासारखी चीर असेल, तर पुढे विचारच नको. चीर बहुधा लॉकनटच्या पहिल्या आट्याजवळ सापडते. दहापट भिंग आणि तिरका प्रकाश लागतो.

नवीन बसवताना दोन गोष्टी चुकतात. पहिली, आटे पुरेसे आत गेलेत का. रॉडला तपासणीचं बारीक भोक असतं. त्यातून वायर घालून बघायची. वायर आरपार गेली तर रॉड एंड त्या भोकापर्यंत पोचलेलाच नाही. दुसरी चूक जास्त त्रास देते. लॉकनट आवळताना रॉड एंड नटाबरोबर फिरतो आणि दोन्ही टोकांची प्रतलं एकमेकांशी वाकडी होतात. मधल्या स्थितीत काही कळत नाही, पण योक शेवटच्या टोकाला नेला की बॉलचा डोल संपतो, रेसची कड बोल्टला टेकते आणि रॉड वाकू पाहतो. म्हणून रॉड एंड पान्याने धरून ठेवा आणि मगच नट आवळा. काम झाल्यावर रॉड चिमटीत धरून त्याच्या अक्षाभोवती पिळा. दोन्ही बाजूंना सारखाच थोडा डोलला पाहिजे, आणि पूर्ण वर, मध्ये, पूर्ण खाली या तिन्ही ठिकाणी डोलला पाहिजे. एका टोकाला डोल शून्य होत असेल तर लॉकनट पुन्हा सोडा.

रॉड एंड दोन कानांच्या मध्ये नसून एका बाजूने बोल्टवर लटकलेला असेल, तर नटाखाली बॉल ज्यात बसतो त्या भोकापेक्षा मोठ्या व्यासाचा वॉशर हवा. बेअरिंग फुटून बॉल निघाला तरी त्या वॉशरमुळे रॉड बोल्टवरून सटकत नाही. कामाच्या घाईत हा वॉशर ट्रेमध्ये राहतो. पार्ट्स कॅटलॉगच्या चित्राशी वॉशरची संख्या आणि क्रम जुळवा.

पुली

पुली फिरते की केबल तिच्यावरून नुसती घसरते, हे डोळ्यांना सहज कळत नाही. पुलीच्या बाजूला पेन्सिलने एक रेघ मारा, केबलवर तिच्यासमोर दुसरी, आणि योक हलवायला सांगा. रेघा बरोबरीने सरकल्या तर ठीक. पुलीची रेघ जागेवर राहिली तर बेअरिंग धरलंय. तिच्या खोबणीत एका जागी सपाट घासलेला भागही दिसेल. खोबणीच्या फक्त एका भिंतीवर झीज असेल तर केबल तिरकी येतेय. दोन्ही भिंती सारख्या खरवडल्या असतील तर केबलच्या मानाने पुली लहान मापाची असण्याची शक्यता बघा. तळाशी केबलच्या पिळाचे ठसे खोल उमटले असतील तर टेन्शन जास्त.

छोट्या विमानात पुली पूर्ण फेरा मारत नाही, पाव-अर्धा फेरा पुढे-मागे होते, त्यामुळे झीज एकाच कमानीत जमते. इन्स्पेक्शनला केबल सैल असेल तेव्हा पुली फिरवून नवा भाग केबलखाली आणा. त्याच निमित्ताने बेअरिंग मोकळं आहे का तेही कळतं. फिनॉलिक (कडक प्लास्टिकच्या) पुलीला तेल लावू नका आणि केबल ज्या फेअरलीडमधून (केबलला वाट देणाऱ्या कड्यातून) जाते त्यालाही नाही. केबल सॉल्व्हंटने धुऊ नका, पिळाच्या आतलं वंगण निघून जातं. कापड गुंडाळून केबलवरून ओढलं की तुटलेली तार धाग्याला अडकते. हातमोजे घाला, उघड्या हाताने हे करणारा एकदाच करतो.

वंगण देण्याची पद्धत

आधी पुसा. लिंटविरहित कापड, लागलं तर चार्टने मान्य केलेला क्लीनर कापडावर घेऊन. फवारा थेट बेअरिंगवर नाही. जुना काळा चिकटा निघेपर्यंत पुसत राहा, कारण त्यावर घातलेलं तेल धूळच आत नेतं.

सुई असलेल्या ऑइलरने रॉड एंडच्या बॉलच्या दोन्ही बाजूंना एक-एक थेंब, फार तर दोन. मग कंट्रोल पूर्ण टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा. कडेला आलेलं तेल पुसा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पुसा. बाहेर दिसणारं तेल काहीच काम करत नाही. हिंजला पिनच्या प्रत्येक सांध्यावर थेंब द्यायचा आणि आयलेरॉन हलवत राहायचं. काही जुन्या चार्टमध्ये पियानो हिंजसाठी कोरडी ग्रॅफाइट पूड दिलेली आहे. तशा हिंजवर तेल आणि ग्रॅफाइट दोन्ही गेलं की काळी पेस्ट तयार होते, तेव्हा एकच काहीतरी ठरवा.

पॅनेलमधून आत-बाहेर सरकणाऱ्या योकच्या नळीवर ग्रीस लावायचा मोह आवरा. ती कोरड्या कापडाने पुसा, ओरखडे बघा, कॉलर मध्यावर आहे का ते बघा. कुरकुरीचं कारण बहुतेक तिथेच असतं.

निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या जागी हातपंपाची ग्रीस गन आणि स्वच्छ नवं ग्रीस कडेला दिसेपर्यंत हळू दाब. निपलमधून ग्रीस जातच नसेल तर जोर वाढवू नका. वाट सुकलेल्या ग्रीसने बुजलीय. ३१ जानेवारी २००० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ पडलं आणि ८८ जण गेले. शेपटीचा आडवा स्टॅबिलायझर वर-खाली करणाऱ्या जॅकस्क्रूला पुरेसं ग्रीस न मिळाल्याने नटाचे आटे झिजून गेले होते. विमान मोठं होतं, पण ट्रिमचा स्क्रू तुमच्या १७२ मध्येही आहे.

दोन ग्रीस एकत्र नकोत

एकाच कपाटात एरोशेल ७, २२ आणि ३३ ही ग्रीस असतात आणि रंगावरून अंदाज बांधला जातो. एरोशेल ७ आणि २२ क्ले (माती) घट्टकारकाची, ३३ लिथियम कॉम्प्लेक्सचं. ७ आणि ३३ ही दोन्ही मिल-पीआरएफ-२३८२७ चीच, पण टाइप २ आणि टाइप १. स्पेसिफिकेशनचा आकडा एकच दिसतो म्हणून ती मिसळली जातात. मिसळली की मिश्रण पातळ पडतं आणि तेल वेगळं होऊन बाहेर झिरपतं. बेअरिंगखाली तेलाचा ओघळ आणि आत सुका गोळा दिसला की हा संशय घ्या. ग्रीस बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण काढून, शक्य असेल तिथे बेअरिंग सोडवून. प्रत्येक ग्रीसला वेगळी गन ठेवा आणि गनवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. हँगरमधला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बोल्ट परत बसवताना

जो बोल्ट चालताना फिरू शकतो त्यावर नुसता सेल्फ-लॉकिंग नट चालत नाही. कॅसल नट (खाचा असलेला) आणि त्या खाचांतून जाणारी नवी स्प्लिट पिन हवी. एएन३ बोल्टच्या १०-३२ आट्यांना जाड कॅसल नटासाठी (एएन३१०) २० ते २५ इंच-पाउंड, पातळ शिअर नटासाठी (एएन३२०) १२ ते १५, हे सर्वसाधारण आकडे. मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते. भोक जुळत नसेल तर मर्यादेपलीकडे आवळू नका, वॉशर बदला. दोन कानांमध्ये अंतर असताना नट जास्त आवळला की कान आत दबतात आणि बेअरिंग चिमटीत सापडतं. नव्या पार्टनंतरही योक जड राहण्यामागे हे एक हमखास कारण.

पावसाळा

शेपटीच्या खालची ड्रेन होल्स मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि एलेव्हेटरच्या मागच्या बेलक्रँकची बेअरिंग त्या दमट हवेत राहतात. जूनच्या आधी सगळी ड्रेन होल्स तारेने मोकळी करा. प्रेशर वॉशरचा झोत हिंज आणि बेलक्रँकवर नेऊ नका. विमान बाहेर उभं राहत असेल तर गस्ट लॉक (वाऱ्यात कंट्रोल हलू न देणारी खीळ) लावणं ही बेअरिंगची देखभालच आहे: रात्रभर वाऱ्यात आपटणारा आयलेरॉन रॉड एंडला उड्डाणापेक्षा जास्त मारतो.

काम संपल्यावर दिशा बघा: योक उजवीकडे, तर उजवा आयलेरॉन वर आणि डावा खाली. स्टॉप पंखात आधी लागतो की योकपाशी, हे मॅन्युअलप्रमाणे आहे का बघा. ट्रॅव्हल (आयलेरॉन किती हलतो ते) मोजा, टेन्शन मोजा, टर्नबकलचं लॉकिंग बघा. कंट्रोल सिस्टम उघडली असेल तर दुसऱ्या अधिकृत व्यक्तीची स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय विमान सोडता येत नाही. स्प्रिंग बॅलन्स योकच्या कडेला लावून ओढ किती लागते तो आकडा कामाआधी आणि कामानंतर लिहून ठेवा.

लॉगबुकात “कंट्रोल्स ल्युब्रिकेटेड” एवढंच लिहू नका. डावा की उजवा पंख, कुठला रॉड एंड, पार्ट नंबर, कुठलं तेल आणि बॅच, प्ले किती होता, स्प्रिंग बॅलन्सचे दोन्ही आकडे, हे सगळं यावं. पुढच्या शंभर तासांत त्याच जागी तक्रार परत आली तर तिथे पुन्हा थेंब टाकायचा नाही. बेअरिंग उतरवायचं आणि ते का गेलं ते शोधायचं.